मुलांची किडनी आणि तपासणीचे आकडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या बाह्यरुग्ण विभागात पालक खुर्चीवर बसण्याआधी अहवालाचा कागद पुढे करतात, आणि त्यांचे बोट ठळक छापलेल्या एखाद्या आकड्यावर असते. त्या आकड्याविषयी पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. येथील माहिती अहवाल समजून घेण्यासाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

१. किडनीसाठी रक्त आणि लघवी दोन्ही का तपासतात? एका रक्ततपासणीत सगळे कळत नाही का?

कळत नाही, कारण मूत्रपिंडाची कामे वेगवेगळी आहेत आणि ती स्वतंत्रपणे बिघडू शकतात. रक्त किती वेगाने गाळले जात आहे याचा अंदाज रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या प्रमाणावरून येतो. गाळणी शाबूत आहे की नाही, म्हणजे रक्तात राहायला हवी ती प्रथिने आणि तांबड्या पेशी लघवीत उतरत आहेत का, हे लघवीच सांगते. नेफ्रोटिक सिंड्रोम झालेल्या मुलाच्या डोळ्यांखाली सूज आणि लघवीत भरपूर प्रथिने असतात, तरी क्रिएटिनिन बहुधा ठीक असते. उलट, जन्मतःच मूत्रपिंडे लहान असलेल्या मुलाची लघवी सुरुवातीची काही वर्षे स्वच्छ दिसते आणि क्रिएटिनिन मात्र वाढलेले असते. याशिवाय क्षार आणि आम्ल यांचा तोल सांभाळणाऱ्या नलिकांचे काम तिसरेच (प्रश्न १२ पाहावा). रक्तदाब आणि सोनोग्राफी यांशिवाय हे चित्र पूर्ण होत नाही, पण येथे आपण रक्त आणि लघवीपुरतेच बोलू.

२. अहवालात क्रिएटिनिन ०.३ आहे आणि पुढे ‘कमी’ असा शेरा आहे. किडनी कमजोर आहे का?

नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज साधारण ठरावीक प्रमाणात सुटणारा आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडणारा पदार्थ आहे. ज्याच्या अंगात स्नायू कमी, त्याच्या रक्तात तो कमी. दोन वर्षांच्या मुलात दर डेसिलिटरला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम, शाळकरी वयात ०.३ ते ०.७ आणि किशोरवयात ०.५ ते १.० हे आकडे सर्वसाधारण मानले जातात. अहवालावर छापलेली ०.६ ते १.२ अशी मर्यादा प्रौढांची असते. ती मुलाच्या कागदावर तशीच छापणे ही सोयीची पण धोक्याची सवय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ‘कमी’ या शेऱ्याने पालक विनाकारण घाबरतात आणि खरोखर वाढलेल्या आकड्यापुढे कोणताच शेरा उमटत नाही.

३. मग मुलाचा आकडा ठीक आहे की नाही, हे कशावरून ठरवायचे?

उंचीवरून. शरीरातील स्नायूंचा अंदाज मुलाच्या उंचीवरून बराचसा येतो. या कल्पनेवर अमेरिकेतील बालमूत्रपिंडतज्ज्ञ जॉर्ज श्वार्ट्झ यांनी १९७६ मध्ये एक सूत्र मांडले आणि २००९ मध्ये ते सुधारले. मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यावी, तिला ०.४१३ ने गुणावे आणि रक्तातील क्रिएटिनिनने भागावे. येणारा आकडा म्हणजे गाळण्याचा अंदाजी वेग, म्हणजेच जीएफआर. तो दर मिनिटाला इतके मिलिलिटर, आणि १.७३ चौरस मीटर शरीरपृष्ठभागासाठी, असा सांगतात. ९० च्या वर असेल तर तो सर्वसाधारण समजतात.

उदाहरण घेऊ. पहिलीतल्या मुलीची उंची ११२ सेंटिमीटर आहे आणि क्रिएटिनिन ०.९ आहे. प्रौढांच्या मर्यादेत हा आकडा आरामात बसतो, अहवालावर बाण नाही, ठळक अक्षर नाही. सूत्रात घातला की उत्तर येते ५१, म्हणजे तिची मूत्रपिंडे जवळजवळ निम्म्या क्षमतेने काम करत आहेत. त्याच मुलीचे क्रिएटिनिन ०.४ असते तर उत्तर ११५ च्या आसपास आले असते. म्हणून रक्त देण्याच्या दिवशीच उंची मोजून ती अहवालावर लिहून घ्यावी. शाळेच्या वहीतली सहा महिन्यांपूर्वीची उंची चालत नाही.

हे सूत्र १ ते १६ वर्षांच्या, मूत्रपिंडविकार असलेल्या ३४९ मुलांच्या मोजमापांवरून बेतलेले आहे. त्यामुळे जीएफआर १५ ते ७५ या टप्प्यात असेल तेव्हा ते जास्त भरवशाचे आहे आणि निरोगी मुलात थोडे इकडेतिकडे होते. वय आणि लिंग लक्षात घेणारे नवे सूत्र २०२१ मध्ये आले आहे आणि ते २५ वर्षांपर्यंत वापरता येते. त्याचे गणित मात्र डॉक्टरांच्या संगणकावर सोडावे.

४. मागच्या वर्षी ०.३ होते, आता ०.६ आहे. दोन्ही मर्यादेतच आहेत ना?

दोन्ही मर्यादेत आहेत आणि तरीही हा अहवाल डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावा. क्रिएटिनिन आणि गाळण्याचा वेग यांचे नाते व्यस्त आहे: आकडा दुप्पट झाला की वेग निम्मा होतो. मुलाची उंची वर्षात सहा सेंटिमीटर वाढली असेल तर आकड्यात किंचित वाढ अपेक्षित असते, दुप्पट वाढ नसते. प्रौढात १.० चे २.० झाले तर कोणाच्याही लक्षात येते; ०.३ चे ०.६ झाले तर अहवाल गप्प बसतो. मुलाची तुलना छापील मर्यादेशी करण्याआधी त्याच्याच जुन्या अहवालांशी करावी, ती याचसाठी. मात्र दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या लॅबमध्ये झाल्या असतील तर आधी प्रश्न ५ वाचावा.

५. दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. खरे कोणते?

क्रिएटिनिन मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. जुनी याफे पद्धत १८८६ पासूनची आहे. तीत पिक्रिक आम्लाशी संयोग होऊन येणारा केशरी-तांबडा रंग मोजतात. पण हा रंग केवळ क्रिएटिनिनमुळेच येतो असे नाही. रक्तातील कीटोन, वाढलेली साखर आणि सेफॅलोस्पोरिन गटातील काही प्रतिजैविके आकडा फुगवतात, तर कावीळ असल्यास तो खाली येतो. दुसरी पद्धत एन्झाइमची. ती महाग आणि अधिक नेमकी आहे. प्रौढात ०.१ चा फरक नगण्य असतो, पण ज्या बाळाचा मूळ आकडाच ०.३ आहे त्याच्यात ०.१ म्हणजे एक तृतीयांश. म्हणून पाठपुराव्याच्या तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये कराव्यात आणि मुलांसाठी एन्झाइम पद्धत उपलब्ध आहे का, हे विचारावे. श्वार्ट्झ यांचे ०.४१३ हे सूत्रही एन्झाइम पद्धतीच्या आकड्यांवर बेतलेले आहे.

६. बाळ तीन दिवसांचे आहे आणि क्रिएटिनिन ०.९ आले. घाबरावे का?

पहिल्या काही दिवसांत बाळाच्या रक्तातील क्रिएटिनिन मुख्यतः आईचे असते. नाळेतून दोघांच्या रक्ताचा तोल सारखा झालेला असतो. पूर्ण दिवसांच्या बाळात ते एकदोन आठवड्यांत उतरते, अपुऱ्या दिवसांच्या बाळात आधी थोडे चढून मग सावकाश उतरते. एका आकड्यापेक्षा तो उतरतो आहे की चढतो आहे, हे पाहायचे असते. जन्मतः गाळण्याचा वेगही कमीच, २० च्या आसपास, असतो आणि प्रौढांइतका व्हायला साधारण दोन वर्षे लागतात. म्हणूनच मूत्रपिंडविकाराच्या नेहमीच्या पायऱ्या दोन वर्षांखालील मुलाला लावत नाहीत.

पहिल्या आठवड्यात दुपट्यावर विटकरी-गुलाबी डाग दिसला तर ते बहुधा युरेटचे स्फटिक असतात, रक्त नव्हे. बाळाला दूध पुरत आहे ना, एवढे पाहावे आणि डॉक्टरांना दुपटे दाखवावे. दुपटे धुऊन आणू नये, ही विनंती.

७. लघवीत ‘प्रथिने १+’ आले. हे किती गंभीर आहे?

नुसत्या १+ वरून सांगता येत नाही. लघवीत बुडवून रंग पाहायच्या पट्टीवरचा १+ म्हणजे डेसिलिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३००. पण पट्टी दाटपणा मोजते, एकूण प्रमाण नाही. मुलाने दिवसभर पाणी प्यायले नसेल तर घट्ट लघवीत निरोगी मुलाचाही १+ येतो, आणि भरपूर पाणी प्यायलेल्या मुलाचा खरा दोष झाकला जातो. ताप, झटके आणि दमछाक होईपर्यंतचा खेळ यांनंतरही तात्पुरती प्रथिने येतात. ताप उतरून आठवडा झाल्यावर पुन्हा तपासावे.

पाण्याचा हा घोळ टाळण्यासाठी त्याच नमुन्यातील प्रथिने आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. दोन वर्षांवरील मुलात ते ०.२ च्या खाली असावे, ६ ते २४ महिन्यांत ०.५ पर्यंत चालते, आणि २ किंवा त्याहून अधिक असेल तर ते नेफ्रोटिक पातळीचे समजतात. काही लॅब हाच आकडा दर ग्रॅमला मिलिग्रॅम असा छापतात, तेव्हा ०.२ चे २०० होतात. २०० पाहून रात्रभर झोप न लागलेले वडील मला भेटलेले आहेत. चोवीस तासांची लघवी साठवण्याचा जुना आग्रह मुलांच्या बाबतीत आता बहुतेक वेळा धरावा लागत नाही.

८. सकाळची पहिलीच लघवी का मागतात?

किशोरवयीन मुलामुलींत, विशेषतः उंच आणि सडपातळ बांध्यात, उभे असताना लघवीत प्रथिने उतरतात आणि आडवे झाल्यावर थांबतात. हा प्रकार निरुपद्रवी आहे. दुपारच्या नमुन्यात २+ आणि सकाळच्या पहिल्या नमुन्यात काहीच नाही, असे असेल तर निदान तिथेच होते. अट एकच आहे: रात्री झोपण्याच्या अगदी आधी लघवी करून मूत्राशय रिकामे करावे आणि सकाळी उठल्याबरोबर नमुना घ्यावा. रात्री अकरापर्यंत अभ्यास करत बसलेल्या मुलाने नऊ वाजता लघवी केली असेल, तर सकाळच्या नमुन्यात त्या दोन तासांची लघवी मिसळलेली असते आणि तपासणी फसते.

९. नेफ्रोटिक असलेल्या मुलाची लघवी घरी कशी तपासायची? पट्ट्या परवडत नाहीत.

पट्ट्यांवाचून अडत नाही. परीक्षानळी सकाळच्या लघवीने पाऊण भरावी, चिमट्यात तिरकी धरावी आणि फक्त वरचा भाग ज्योतीवर उकळवावा. तोंड कोणाच्याही अंगाकडे नसावे. वरचा भाग गढूळ झाला तर त्यात सौम्य ॲसिटिक आम्लाचे दोनतीन थेंब टाकावेत. गढूळपणा विरघळला तर ते फॉस्फेट होते. टिकला तर प्रथिने. नळीमागे वर्तमानपत्र धरावे: अक्षरे वाचता येतात तोवर दोष थोडा, अक्षरे दिसेनाशी होऊन पांढरे कण तरंगू लागले की ३+, आणि फाटलेल्या दुधासारखा गोळा झाला की ४+. न तापवता ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकूनही हीच परीक्षा होते. ज्या घरात ज्योतीजवळ लहान मुले घुटमळतात तिथे तीच बरी.

रोजचा निकाल तारखेसह वहीत लिहावा. ओळीने तीन सकाळी ३+ किंवा ४+ आले तर आजार उलटला असे धरतात. ओळीने तीन सकाळी शून्य किंवा अंशमात्र आले तर तो आटोक्यात आला. सूज दिसायच्या आधी वही बोलते. साताऱ्याकडच्या एका आजींच्या वहीत चार वर्षांच्या नोंदी होत्या, शून्याच्या जागी टिकली चिकटवलेली. नातवाला कोणत्या सर्दीनंतर त्रास उलटला, हे त्या वहीवरून दोन मिनिटांत कळले.

१०. लघवी लाल झाली. रक्तच असेल ना?

आधी काय खाल्ले आणि कोणते औषध चालू आहे, ते आठवावे. बीट खाल्ल्याने लघवी गुलाबी होते, क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने केशरी. पट्टीवर रक्ताची खूण आली तरी सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसल्याशिवाय ते रक्त मानत नाहीत, कारण फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिन आणि दुखावलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिनही पट्टीला फसवतात. खरोखर पेशी असतील तर रंग महत्त्वाचा ठरतो. कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी लघवी आणि वेड्यावाकड्या आकाराच्या पेशी असतील तर दोष गाळणीत आहे. लालभडक असेल तर तो सहसा खाली, मूत्रमार्गात असतो. घसा दुखून एकदोन आठवडे किंवा अंगावर पुळ्या येऊन तीन ते सहा आठवडे झाल्यावर चहासारखी लघवी आणि सूज आली तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा.

११. बाळाला पिशवी लावून घेतलेल्या लघवीत जंतू आले. प्रतिजैविक द्यायचे का?

पिशवीतल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू सहज मिसळतात. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू आले नाहीत तर तो निकाल उपयोगाचा आहे. आले तर नळीने किंवा मधल्या धारेचा नमुना घेऊन खातरजमा करावी लागते. बाळ तापाने फणफणलेले असेल तर हा नीट घेतलेला नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या डोसाआधी पाठवावा. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचावा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावा. उन्हाळ्यात दुचाकीच्या डिकीत दोन तास फिरलेल्या बाटलीत जंतू वाढणारच.

१२. पोटॅशियम ६.२ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ‘जास्त’ आले, पण मूल खेळते आहे.

दुसऱ्याचे आधी सांगतो: वाढत्या हाडांतून हे एन्झाइम येते, त्यामुळे मुलांत ते प्रौढांपेक्षा बरेच जास्त असणे स्वाभाविक आहे. पोटॅशियमचे तसे नाही. रडणाऱ्या मुलाचे बोट किंवा टाच पिळून रक्त काढले की पेशी फुटतात आणि त्यांतले पोटॅशियम नमुन्यात येते. अहवालावर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का, पाहावे. पण शेरा असो वा नसो, नस मोकळी धरून त्याच दिवशी पुन्हा तपासावे, कारण खरे ६.२ असेल तर ते हृदयाच्या ठोक्यांना घातक ठरू शकते.

पोटॅशियम कमी, बायकार्बोनेट कमी, मुलाची उंची वाढत नाही, पाणी सारखे लागते आणि क्रिएटिनिन मात्र उत्तम, असे चित्र असेल तर नलिकांचा विकार शोधावा लागतो. ही मुले ‘खात नाही म्हणून वाढत नाही’ या समजुतीत वर्षानुवर्षे राहतात.

१३. युरिया वाढला आहे, क्रिएटिनिन नाही.

जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी घटले, स्टेरॉइड चालू असले किंवा आतड्यांत रक्तस्राव झाला तर युरिया एकटाच वाढतो. काही अहवालांत युरिया असतो आणि काहींत युरियातील नायट्रोजन, दुसऱ्याला २.१४ ने गुणले की पहिला मिळतो. हे न पाहता दोन अहवालांची तुलना करू नये.

१४. सिस्टॅटिन-सी ही महागडी तपासणी कोणत्या मुलाला लागते?

ज्याच्या स्नायूंवर भरवसा ठेवता येत नाही त्याला. सिस्टॅटिन-सी हे शरीरातील केंद्रक असलेल्या सर्व पेशींतून तयार होणारे छोटे प्रथिन आहे, आणि ते स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. ड्यूशेनसारखा स्नायूंचा आजार, तीव्र कुपोषण, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले मूल, हातपाय आखडलेले असल्याने उंचीच नीट मोजता येत नाही असे मूल: यांच्यात क्रिएटिनिन खोटा दिलासा देते. स्नायूच उरलेले नाहीत, मग क्रिएटिनिन वाढणार कशाने? मात्र ही तपासणीही निर्दोष नाही. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा, थायरॉइडचे विकार आणि शरीरातील दाह यांनी तिचा आकडा बदलतो. बाकीच्या मुलांत ती सरसकट करण्याची गरज मला वाटत नाही.

१५. मुलगा १६ वर्षांचा, तालमीत जातो. क्रिएटिनिन १.३ आले.

येथे प्रश्न १४ ची उलटी बाजू दिसते. पिळदार अंगाच्या मुलाचे क्रिएटिनिन मुळातच वरच्या टोकाला असते. आदल्या रात्री मटणावर ताव मारला असेल किंवा स्नायू वाढवण्यासाठी घेतात ती क्रिएटिनची पावडर चालू असेल तर ते आणखी चढते. दोन दिवस मांसाहार आणि जड मेहनत टाळून, पावडर काही आठवडे बंद ठेवून पुन्हा तपासावे. सोबत लघवीतील प्रथिने, रक्तदाब आणि शक्य असेल तर सिस्टॅटिन-सी पाहावे. हे सगळे ठीक असेल तर मुलाने कुस्ती सोडण्याचे कारण नाही. पावडरीच्या डब्यात आणखी काय मिसळलेले असते याची खात्री कोणी देत नाही, एवढे वस्तादांच्या कानावर घालावे.

१६. एक औषध सुरू केले आणि क्रिएटिनिन वाढले. औषधाने किडनी बिघडली का?

औषध कोणते, यावर उत्तर अवलंबून आहे. कोट्रायमोक्साझोल या प्रतिजैविकातील ट्रायमेथोप्रिम नलिकांतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची वाट अडवते. आकडा थोडा वाढतो, गाळण्याचा वेग तोच राहतो आणि औषध थांबवल्यावर आकडा उतरतो. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक आम्ल या वेदनाशामकांचे तसे नाही. जुलाबाने सुकलेल्या मुलाला तापासाठी ती दिली तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटून खरी इजा होऊ शकते.

१७. आम्ही परदेशात असतो. येथील अहवालात क्रिएटिनिन ३५ आहे!

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील बऱ्याच देशांत क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये छापतात. ८८.४ ने भागले की आपल्याकडचा आकडा मिळतो. ३५ म्हणजे ०.४. सूत्र थेट वापरायचे असेल तर ०.४१३ ऐवजी ३६.५ घ्यावे. सुट्टीत भारतात येऊन तपासणी केल्यास एकक बदलते, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना सांगावे.

१८. काल क्रिएटिनिन ठीक होते, आज लघवी फारच कमी झाली आहे. उद्यापर्यंत थांबू का?

थांबू नये. इजा झाल्यावर क्रिएटिनिन रक्तात साचायला एकदोन दिवस लागतात, त्यामुळे कालचा आकडा आजची हकिगत सांगत नाही. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार क्रिएटिनिनमध्ये ४८ तासांत ०.३ ची वाढ, किंवा सात दिवसांत दीडपट वाढ, किंवा सहा तास दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी लघवी, यांतले एकही असले तरी ती मूत्रपिंडाची तीव्र इजा होय. १२ किलोच्या मुलासाठी याचा अर्थ सहा तासांत ३६ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम सात चमचे. ही इजा लवकर ओळखण्यासाठी एनगॅल नावाचे मूत्रचिन्हक आहे. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या मुलांत ते काही तासांतच वाढलेले आढळले आहे, पण ते अजून मोजक्याच ठिकाणी होते.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले दगावली. त्यांतील अनेकांना उपचारांसाठी नागपूरला हलवले होते. सर्दी-तापाचे साधे दुखणे, मग उलट्या, मग लघवी बंद, असा तो क्रम होता. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले होते. म्हणून लघवी थांबलेल्या मुलाला रुग्णालयात नेताना घरात उघडलेली प्रत्येक औषधाची बाटली, लेबल आणि बॅच क्रमांकासह, पिशवीत घालून सोबत न्यावी. उरलेले औषध ओतून टाकू नये.